घरच्या बाईचा होकार

मला तीन प्रश्न विचारले होते. दोनांची उत्तरं मी खरी दिली आणि तिसऱ्याचं खोटं. जीभ चाचरली नाही, नजर खाली गेली नाही. इतकं सफाईने खोटं बोलता येतं हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

पण आधी आमच्या यांच्याबद्दल सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांची आहे.

यांना गल्लीत सगळे 'दातवाले' म्हणतात. हे डॉक्टर नाहीत. डॉक्टर दात काढतात, मी घालतो, असं हे स्वतःच सांगतात. कवळ्या करणं हा यांचा धंदा, आणि धंद्याची जागा म्हणजे आमची मागची खोली. दवाखान्यातून तोंडाचा साचा यायचा, त्यात हे प्लास्टर ओतायचे, वर मेणाची हिरडी करायचे आणि त्या मेणात एकेक दात बसवायचे. स्पिरिटच्या दिव्यावर बोटाएवढी सुरी तापवायची, मेण जरा वितळवायचं, दात टेकवायचा, दूर धरून बघायचा, परत काढायचा. एका दातासाठी अर्धा तास घालवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. रस्त्यात एखादी म्हातारी तोंड भरून हसली, की हे हळूच माझ्या कानाशी येऊन म्हणायचे, "वरचे सहा माझे." हसणाऱ्या बाईकडे असं बघू नका म्हणून मी कोपराने ढोसायचे.

अठ्ठावीस वर्षं हे असं छान चाललं. मग दवाखान्यांतून साचे यायचे कमी झाले. आता म्हणे तोंडात एक छोटा कॅमेरा फिरवतात, दात कॉम्प्युटरवर उमटतात आणि यंत्र ते कोरून देतं. आठवड्याला वीस साचे यायचे त्याचे चार झाले, मग दोन. तरी हे रोज सकाळी नऊला पांढरा कोट घालून मागच्या खोलीत जाऊन बसायचे. दातांची खोकी काढायची, पुसायची, परत लावायची. जेवायला हाक मारली तर यायचे आणि ताटात काय आहे ते न बघता जेवायचे. मी चिडायचे, टोमणे मारायचे, पण भिंतीशी भांडल्यासारखं होतं. माणूस आतून मिटत चालला होता आणि मला काही करता येत नव्हतं.

यांचा एकच विरंगुळा होता, तो म्हणजे यांचं फ्रीमेसन असणं, एकमेकांना बंधू म्हणणाऱ्या एका जुन्या गुप्त मंडळाचं सभासदत्व. बारा वर्षं झाली त्याला. महिन्यातून एकदा काळा सूट, पांढरे हातमोजे आणि छोट्या बॅगेत एक पांढरा एप्रन घेऊन हे लॉजला, म्हणजे त्या मंडळाच्या सभेला, जायचे. सुरुवातीला शेजारणीला मी भाबडेपणाने सांगितलं, "हे महिन्यातून एकदा लॉजला जातात," तर ती माझ्याकडे अशा दयेने बघायला लागली, की तिला बसवून, चहा पाजून सगळं समजावावं लागलं. समजावणार तरी काय, आत काय चालतं ते हे कधी सांगत नाहीत. घरात जन्मात एप्रन न बांधलेला माणूस तिथे जाऊन एप्रन बांधतो आणि त्याला इस्त्री मी करते, एवढंच मला ठाऊक.

गेल्या वर्षी एकदा लॉजहून आले ते पोरासारखे टवटवीत होऊन. त्यांच्यातल्या मोटरसायकलवाल्यांची म्हणे एक संघटना आहे. वेगवेगळ्या लॉजमधले बंधू, सगळे आपापल्या मोटरसायकली घेऊन लांब लांब जातात. अंगात चामड्याचं जाकीट, पाठीवर कंपास आणि गुण्या या फ्रीमेसनांच्या खुणेचा बिल्ला. नुसती हौस नाही, काम आहे. एखादा बंधू वारला की त्याच्या बायकोचं बघायचं. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करायचं, औषधं पोचवायची, मुलांच्या शाळेचं बघायचं.

"म्हणजे विधवांची काळजी घेता," मी म्हटलं. "आणि मोटरसायकली पळवून विधवा करायचं कामही तुम्हीच करता. घरच्या घरी सगळी सोय."

हे खो खो हसले. कितीतरी महिन्यांनी यांचे स्वतःचे दात मला दिसले. मीही हसले. आता तो विनोद आठवला की अंगावर काटा येतो.

मोटरसायकल यांच्याकडे होतीच, आमच्या लग्नाआधीची, काळी. ती यांनी उघडली, साफ केली, नवे टायर घातले. तिच्यावरून मला बाजारात न्यायला लागले. मागच्या खोलीत आता गाडीचे भाग फडक्यावर मांडलेले असायचे आणि हे शीळ घालायचे. लेक दुसऱ्या गावी असते, तिला फोनवर ती शीळ ऐकू गेली. "बाबा आहेत का ते?" तिने विचारलं आणि एकदम रडायलाच लागली.

आणि त्याच महिन्यात मला ते पहिल्यांदा दिसलं.

मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले. यांच्या हातात तापवायची सुरी होती, ती दिव्याच्या ज्योतीत धरलेली. तिच्यावरचं मेण उकळून टेबलावर ठिबकत होतं, आणि हे समोर बघत होते. मी म्हटलं, "अहो, मेण." उत्तर नाही. पापणी हलली नाही. डोळे उघडे, पण आत कुणी नसल्यासारखे. ओठ मात्र जरासे हलत होते, काही चावल्यासारखे. मग हे एकदम आले परत. सुरी बाजूला घेतली, मेणाकडे बघितलं आणि मलाच म्हणाले, "अगं, किती वेळ उभी आहेस? दे तो चहा."

मी चहा पुढे केला. म्हटलं, तंद्री लागली असेल.

दुसऱ्या वेळी नळाखाली तांब्या भरून वाहत होता आणि हे तसेच उभे होते. मी मनात आकडे मोजले, सात झाले. तिसऱ्या वेळी मी यांच्या मागे मोटरसायकलवर बसले होते. चौकात सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या बोंबलायला लागल्या. आम्ही जागच्या जागी. मी पाठीवर थाप मारली, मग दुसरी मारली, मग खांदा धरून गदागदा हलवला. मग गाडी सुरू झाली. "काय झालं?" मी कानाशी ओरडले. "कुठे काय?" हे म्हणाले. यांना खरंच ठाऊक नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. खोटं बोलणाऱ्याला पकडता येतं, पण ज्याला आपलं काही गेलं हेच कळत नाही त्याला काय सांगणार?

मी यांना ओढत आमच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सगळं मला विचारलं, यांना नाही. मग म्हणाले, मेंदूची एक तपासणी करून घ्या, चिठ्ठी देतो. "आणि तपासणी होईपर्यंत मोटरसायकल बंद." एवढं मात्र त्यांनी यांच्याकडे बघून सांगितलं. हे मान हलवत होते. घरी आल्यावर चिठ्ठीचं पाकीट दातांचा रंग जुळवायच्या पट्ट्या ठेवतात त्या खणात गेलं.

"अहो, ते बंद म्हणाले."

"काळजी घ्या असं म्हणाले. डॉक्टर मंडळी बोलायचं म्हणून बोलतात. मी विचार करत असतो गं. विचार करणं हा काय रोग आहे?"

"सात आकडे होईपर्यंत पापणी न लववता?"

"तू मोजतेस?" हे म्हणाले, आणि असे दुखावले, की दोन दिवस शीळ बंद. तिसऱ्या दिवशी परत कोट घालून खोकी पुसत बसले. मला ते बघवेना. सरळ सांगते, यांच्या आजारापेक्षा यांच्या त्या गप्प बसण्याची मला जास्त धास्ती वाटायची. मी तपासणीचा विषय पुन्हा काढला नाही.

पुढच्या रविवारी ते दोघं आले.

या संघटनेची एक रीत आहे. नवा माणूस घ्यायचा असला की दोन बंधू त्याच्या घरी जातात आणि घरच्या बाईला विचारतात. तिचा होकार नसेल तर बिल्ला मिळत नाही. आलेल्यांपैकी एकाला सगळे कॅप्टन म्हणतात. फौजेशी संबंध काही नाही, त्यांचा बर्फाचा कारखाना आहे, पण रांगेच्या पुढे नेहमी ते असतात. धिप्पाड माणूस, आवाज खणखणीत. दुसरे मास्तर. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलायच्या आधी ऐकून घेणारे.

कॅप्टन यांना म्हणाले, "बंधू, तुम्ही बाहेर थांबा." आणि हे निमूटपणे रस्त्यावर गेले. माझ्या शब्दाखातर कधी खोली न सोडणारा माणूस!

दोघं खुर्चीच्या कडेवर बसले, मांडीवर हेल्मेट ठेवून.

"वहिनी," कॅप्टन म्हणाले, "आमच्यात डॉक्टरचं सर्टिफिकेट वगैरे मागत नाहीत. बंधूचा शब्द आणि घरच्या बाईचा होकार, एवढ्यावर आमचं चालतं. तीन गोष्टी विचारू. एकदाच विचारतो, परत कधी विचारत नाही. तुम्ही नको म्हणालात तर का ते विचारणार नाही. आणि तुम्ही नको म्हणालात हे त्यांना कळणारही नाही. या वर्षी जागा नाही म्हणून सांगू."

याहून सोपी वाट कुणी कुणाला काढून देत नाही. आता हे लिहितानाही मला त्या खोलीत जाऊन स्वतःच्या तोंडात मारावंसं वाटतं.

"ते तुमच्या मर्जीने येतायत ना?"

"मला आवडतं अशातला भाग नाही," मी म्हटलं, "पण अडवणार नाही."

"घरात काही वाद? ज्याला कंटाळून माणूस रस्त्यावर पळतो असा?"

"वाद रोज आहेत. पण माझ्यापासून पळायला त्यांना मागची खोली पुरते."

कॅप्टन मोठ्याने हसले. मास्तर हसले नाहीत. तिसरा प्रश्न त्यांचा होता.

"वहिनी, रस्त्यावर आम्ही त्यांच्या भरवशावर असतो आणि ते आमच्या. त्यांच्याबद्दल आम्हाला ठाऊक असायला हवं असं काही..."

खिडकीतून मला हे दिसत होते. मोटरसायकलचा आरसा रुमालाने पुसत होते, आधीच लख्ख असलेला. मान खाली, पण सगळं लक्ष आमच्या दाराकडे. निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभी असलेली मुलं असतात तसे.

"काही नाही," मी म्हणाले.

मास्तरांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "ठीक आहे." पाणी प्यायले आणि दोघं उठले. कॅप्टननी बाहेर जाऊन यांना मिठी मारली. यांनी दारातून माझ्याकडे बघितलं तेव्हा यांचे डोळे भरलेले होते. लग्नातसुद्धा यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. मी हसले आणि आत जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

बिल्ला लगेच मिळत नाही. आधी तीन मोठ्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागतात. रांगेतून चालवायची पद्धत यांनी मला काड्यापेटीतल्या काड्या मांडून दाखवली. दोन रांगा असतात, पण कुणी कुणाच्या अगदी शेजारी नाही. एक जरा पुढे, दुसरा जरा मागे, म्हणजे खड्डा चुकवायला प्रत्येकाच्या बाजूला मोकळी जागा राहते. प्रत्येकाला एक जोडीदार. पुढच्याने हाताने खूण केली की आपण तीच करायची, म्हणजे ती शेवटपर्यंत पोचते. आणि काहीही झालं तरी आपली रांग सोडायची नाही.

"तुमचा जोडीदार कोण?" मी विचारलं.

"मास्तर. स्वतःहून मागून घेतलं त्यांनी मला," हे म्हणाले. यांची छाती फुगली होती. "एवढा जुना माणूस नव्याला मागून घेतो, असं होत नाही कधी."

पहिल्या फेरीचा दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. कपडे धुतले, वाळले नाहीत तोवर परत धुतले. संध्याकाळी पाचला गाडीचा आवाज आला तेव्हा ओल्या हातांनीच दाराशी धावले. हे धुळीने माखलेले, उन्हाने रापलेले, आणि अखंड बोलत होते. तीन दिवस बोलत होते. जेवताना ताटाकडे बघत होते. मागच्या खोलीत दोन कवळ्यांचं काम आलं होतं, ते यांनी गात गात केलं. मी मनाशी म्हटलं, बघ, तूच उगाच जिवाला घोर लावून घेतलास. मोकळ्या हवेने बरं वाटत असेल माणसाला.

घरात मात्र ते होत होतं. मी मोजत होते. एकदा नऊ आकडे झाले.

दुसरी फेरी झाली आणि दोन दिवसांनी, हे कवळ्या द्यायला दवाखान्यात गेले असताना, मास्तर एकटेच आले. यांचा एक हातमोजा रस्त्यात राहिला होता तो द्यायला. मोजा माझ्या हातात दिला, तरी दारातच उभे राहिले.

"चालवणं छान आहे त्यांचं," ते म्हणाले. "कधीमधी तंद्रीत जातात जरा. परवा एक खूण चुकली, मागच्यांना पोचली नाही. मी विचारलं तर म्हणाले, काही नाही. मग काही नाहीच."

"हो," मी म्हणाले.

"मी जवळच असतो त्यांच्या, वहिनी. अगदी जवळ. काळजी करू नका."

एवढं बोलूनही ते गेले नाहीत. मोजा देऊन झाला होता, बोलणं संपलं होतं, तरी ते पायरीवर उभे होते आणि माझ्याकडे बघत होते. शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात कोपऱ्यावर गाडीचा आवाज झाला, हे आले, लांबूनच "मास्तर!" म्हणून ओरडले. मास्तर वळले. मी तोंड मिटलं.

त्या रात्री यांनी झोपताना सांगितलं, तिसऱ्या फेरीनंतर बिल्ला शिवायचा आहे, तो घरच्या बाईनेच शिवायचा असतो. दोरा मेणाचा घे, म्हणाले, पक्का राहतो.

तिसरी फेरी झाली तो दिवस स्वच्छ होता. रस्ता कोरडा, सरळ, रुंद. दुपारी सव्वादोनला फोन आला, कॅप्टनचा. आवाजातला खणखणीतपणा गेला होता. "वहिनी, दातवाले ठीक आहेत," ते म्हणाले. "खांद्याचं हाड मोडलंय. बाकी ठीक आहेत." मीच विचारलं, "मास्तर?"

मास्तर जागच्या जागी गेले होते.

रांगेच्या शेपटीला, सगळ्यात मागे असलेल्या बंधूने जे बघितलं ते असं. पूल ओलांडल्यावर मास्तरांनी आपली रांग सोडली आणि ते यांच्या अगदी बरोबरीला आले, हँडलला हँडल लागेल इतके. काही क्षण दोघं तसेच चालले. मग गाड्या एकमेकींना लागल्या. आमचे हे अलीकडे गवतात पडले. मास्तर पलीकडे फेकले गेले, समोरून येणाऱ्या मालट्रकपुढे.

यांना पूल आठवतो आणि मग थेट गवत आठवतं. मधलं काही नाही. डोक्याला मार बसला की असं होतं, म्हणून दवाखान्यात कुणी जास्त विचारलं नाही. पण मला ठाऊक होतं की मधलं ते मार बसायच्या आधीच गेलं होतं. यांची गाडी सरळ रस्त्यावर समोरच्या ट्रककडे ओढत गेली असणार, आणि तो बारीक अंगाचा माणूस मधे आपली गाडी घालून यांना अलीकडे लोटत असणार. यांनाही ठाऊक होतं. हॉस्पिटलच्या पलंगावरून हे माझ्याकडे बघायचे आणि मी बोलायला लागले की डोळे मिटून घ्यायचे.

पंधरा दिवसांनी संघटनेची बैठक झाली. हे झोळीत हात घालून गेले. रीत अशी, की जो बंधू रस्त्यावर दगावतो त्याचं जाकीट बैठकीच्या खोलीत भिंतीवर लावतात. पण रांग सोडून ज्याने अपघात केला त्याचं लावत नाहीत, ते घरी परत पाठवतात. कॅप्टननी शेपटीवाल्याला विचारलं, त्याने डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं. मग यांना विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मला काही आठवत नाही," हे म्हणाले. बंधूचा शब्द. पुढे कुणी काही विचारलं नाही. नोंद झाली, मास्तरांनी रांग सोडली. बत्तीस वर्षं ज्याने कधी चाक इंचभर वाकडं टाकलं नाही त्या माणसाबद्दल.

हे मला यांनीच सांगितलं, मागच्या खोलीच्या दाराशी उभं राहून.

"अहो, तुम्ही सांगायला हवं होतं."

"काय सांगू? मला खरंच आठवत नाही."

"तुम्हाला आठवत नाही हेच सांगायचं होतं! आधीपासून आठवत नाही, घरातही आठवत नाही, हे!"

"मी खोटं बोललो नाही," हे हळू म्हणाले. "मला जेवढं विचारलं तेवढं खरं सांगितलं. खोटं मी नाही बोललो." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बरोबर होतं त्यांचं. आमच्या घरात खोटं बोलणारी मी एकटीच होते.

दोन दिवस मी तसेच काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी यांना न सांगता मास्तरांच्या घरी गेले. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. मास्तरीणबाईंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि आत वळल्या. टेबलावर खाकी कागदातलं पार्सल होतं. दोरीसुद्धा सोडलेली नव्हती. संघटनेचा कुणी माणूस स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून नुकताच गेला होता, जमिनीवर ओले बूट उमटले होते.

"येतात रोज कुणी ना कुणी," त्या म्हणाल्या. "नळ, औषधं, सगळं बघतात. माझ्याकडे मात्र बघत नाहीत."

मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं.

"मास्तरीणबाई, मला तुम्हाला सांगायचंय. ते दोघं आमच्याकडे विचारायला आले होते तेव्हा मी खोटं बोलले. आमच्या यांची शुद्ध मधेच जाते. डोळे उघडे असतात, पण हे नसतात. डॉक्टरांनी गाडी बंद सांगितली होती. मला सगळं ठाऊक होतं."

त्या रडतील, ओरडतील, मला घराबाहेर काढतील, सगळ्याला मी तयार होते.

"त्यांनाही ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?" मी विचारलं.

"काय आहे ते ठाऊक नव्हतं. पण तुम्ही खोटं बोललात हे ठाऊक होतं. त्या रविवारी घरी आले, हेल्मेट ठेवलं आणि म्हणाले, माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत वहिनी नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग कॅप्टनना सांगा. तर म्हणाले, घरच्या बाईचा शब्द एकदा घेतला, आता ती खोटं बोलली असं मी चार माणसांत कसं सांगू? त्यापेक्षा मी दातवाल्यांना जोडीला मागून घेतो, जवळ राहतो. तुमच्याकडे मोजा घेऊन आले होते ना? तो मोजा रस्त्यात पडला नव्हता. आमच्या यांनीच उचलून ठेवला होता, तुमच्या दारात यायला कारण हवं म्हणून. परत विचारायची मुभा नाही, पण नुसतं उभं राहायला तर कुणी मनाई केलेली नाही, म्हणाले."

तो माणूस पायरीवर उभा होता, मी बोलावं म्हणून, आणि मला वाटलं होतं आता मास्तर जात का नाहीत.

"तुम्ही अडवलं नाहीत त्यांना?" मी विचारलं. मला विचारायचा काय अधिकार होता कोण जाणे.

"नाही. मला वाटलं, राहतायत जवळ तर राहू देत, काही होणार नाही. तुम्हाला वाटलं तसंच." मग त्यांचा आवाज चढला. "पण माझ्या मनात तुमच्याबद्दल राग नाही असं समजू नका. खूप आहे. तुमचा माणूस घरी आहे. माझा गेला आणि वर चूकही त्याचीच ठरली. ही माणसं दुसऱ्यांदा विचारत नाहीत. म्हणून मी विचारते. सांगणार आहात का नाही?"

त्यांनी फोन घेतला, कॅप्टनचा नंबर लावला आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवला. घंटा वाजायला लागली. मला यांचा चेहरा दिसत होता. यांना मिळायचा बिल्ला जाणार होता, बारा वर्षांचं लॉज जाणार होतं, आणि उरलेल्या आयुष्यात हे माझ्याशी धड बोलतील की नाही याची काही खात्री नव्हती.

"बोला, वहिनी," कॅप्टन म्हणाले. मागे कारखान्याची यंत्रं धडधडत होती.

"मास्तरीणबाई नाही, मी दातवाल्यांची बायको बोलतेय," मी म्हणाले. "मास्तरांनी रांग सोडली ती आमच्या यांना वाचवायला. आणि ती त्यांना सोडावी लागली माझ्यामुळे."